लॉरेल थॅचर अल्रिक यांचे कुटुंब आणि लिंगभावविषयक इतिहासलेखन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकी इतिहासकार लॉरेल थॅचर अल्रिक यांचे ग्रंथ वाचू लागलेले विद्यार्थी, शिक्षक आणि हौशी वाचक पुढील प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. काहींची उत्तरे चार ओळींत संपतात. काहींसाठी मूळ साधनांपर्यंत जावे लागते आणि तेथे हात आखडता घेतलेला नाही.

लॉरेल थॅचर अल्रिक कोण आहेत?

त्यांचा जन्म १९३८ साली आयडाहो राज्यातील शुगर सिटी या लहानशा गावी, मॉर्मन या अमेरिकी ख्रिस्ती पंथातील कुटुंबात झाला. यूटा विद्यापीठातून पदवी घेतल्यानंतर त्या संसारानिमित्त देशाच्या दुसऱ्या टोकाला, ईशान्येकडील न्यू इंग्लंडमध्ये गेल्या. पाच मुले वाढवत, जमेल तसे शिकत त्यांनी १९८० साली, चाळिशी ओलांडल्यावर, न्यू हॅम्पशायर विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. तेथेच त्यांनी अध्यापन केले आणि १९९५ मध्ये त्या हार्वर्ड विद्यापीठात गेल्या. मार्था बॅलार्ड या सुईणीच्या रोजनिशीवर लिहिलेल्या ‘अ मिडवाइफ्स टेल’ या १९९० च्या ग्रंथाला १९९१ साली इतिहासासाठीचे पुलित्झर पारितोषिक आणि बॅन्क्रॉफ्ट पारितोषिक मिळाले, पुढच्याच वर्षी त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली आणि २००९ मध्ये त्या अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनच्या अध्यक्ष होत्या.

त्यांच्या अभ्यासाचा प्रदेश आणि काळ मर्यादित आहे : प्रामुख्याने सतराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचे न्यू इंग्लंड, आणि अलीकडच्या ग्रंथात तेथून पश्चिमेकडे गेलेले मॉर्मन समाज. ही मर्यादा त्यांनी जाणीवपूर्वक पाळली आहे. एकाच मुलखातील करयाद्या, मृत्युपत्रे आणि खटल्यांची कागदपत्रे वर्षानुवर्षे हाताळल्याशिवाय जे संबंध लक्षात येत नाहीत, ते त्यांच्या लेखनात पानोपानी दिसतात.

कुटुंबाचा इतिहास म्हणजे वंशावळ का?

नाही. वंशावळ कोण कोणाचे, हे सांगते. कुटुंबाचा इतिहास त्यापुढचे प्रश्न विचारतो : एका छपराखाली कोण राहत होते, कोणाच्या श्रमावर घर चालत होते, मालमत्ता कोणाकडून कोणाकडे जात होती, लग्न केव्हा आणि कोणाच्या संमतीने होत होते. या विषयाला शास्त्रीय बैठक मिळाली ती मुख्यतः १९६० नंतर. इंग्लंडमध्ये पीटर लॅस्लेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये स्थापन केलेल्या केंब्रिज गटाने जुन्या लोकयाद्या मोजून काढल्या. जुन्या काळी सगळीकडे मोठी एकत्र कुटुंबेच असत, ही समजूत निदान इंग्लंडपुरती तरी त्यातून मोडीत निघाली, कारण तेथील घर सरासरी पावणेपाच माणसांचे निघाले. पुढे १९८६ मध्ये जोन स्कॉट यांनी आपल्या गाजलेल्या निबंधात लिंगभाव ही केवळ स्त्रियांविषयीची पुरवणी नसून सत्तेचे संबंध समजून घेण्याचा एक प्रवर्ग आहे, अशी मांडणी केली.

अल्रिक या दोन्ही प्रवाहांच्या जवळ उभ्या आहेत, पण कोणत्याही एकात मावत नाहीत. त्या मोजतात, परंतु हजार घरांची सरासरी काढण्याऐवजी एका घराची सत्तावीस वर्षे मोजतात. सिद्धान्त त्यांना ठाऊक असतो. मात्र तो त्या क्वचितच उघडपणे मांडतात, आणि काही वाचकांना त्यांचे लेखन नुसते कथन वाटते ते त्यामुळेच.

‘सद्वर्तनी स्त्रिया इतिहासात क्वचितच शिरतात’ हे वाक्य त्यांचेच आहे का? त्याचा अर्थ काय?

वाक्य त्यांचेच आहे, परंतु टी-शर्टांवर आणि गाड्यांच्या मागे ज्या अर्थाने ते मिरवते तो अर्थ त्यांचा नाही. १९७६ साली ‘अमेरिकन क्वार्टर्ली’ या नियतकालिकात त्यांनी एक शोधनिबंध लिहिला. १६६८ ते १७३५ या काळात न्यू इंग्लंडमधील प्युरिटन या कडव्या प्रोटेस्टंट पंथाच्या धर्मोपदेशकांनी स्त्रियांविषयी जे लिहिले, त्यात विशेषतः धर्मशील स्त्रियांच्या निधनानंतर दिलेली प्रवचने, यांचा तो अभ्यास होता. प्रार्थना करणाऱ्या, घर सांभाळणाऱ्या, कोणाशी वाद न घालता जगून गेलेल्या या स्त्रियांकडे इतिहासकारांनी ढुंकूनही पाहिलेले नाही, अशी ती खंत होती. चेटकिणी म्हणून फाशी गेलेल्या किंवा धर्मपीठाशी भांडलेल्या स्त्रियांवर मात्र पुस्तकांमागून पुस्तके निघत होती.

१९९० च्या दशकात हे वाक्य संदर्भातून सुटले आणि ‘गाजायचे असेल तर बंड करा’ अशा घोषणेसारखे वापरले जाऊ लागले. अल्रिक यांनी त्यावर चिडण्याऐवजी २००७ मध्ये त्याच नावाचे पुस्तक लिहिले आणि क्रिस्तीन द पिझां, एलिझाबेथ कॅडी स्टँटन आणि व्हर्जिनिया वुल्फ या तीन लेखिका इतिहासाकडे का वळल्या, याचा माग घेतला. तरीही त्यांच्या एकूण कामाची दिशा समजून घ्यायची असेल, तर १९७६ चा मूळ अर्थच धरून ठेवावा. बंडखोर स्त्री त्यांच्या लेखनात क्वचित येते. रोजचे काम करणारी स्त्री सतत येते.

त्यांच्या पहिल्या ग्रंथातील ‘पतीची प्रतिनिधी’ ही कल्पना काय आहे?

‘गुड वाइव्ह्ज’ हा १९८२ चा ग्रंथ १६५० ते १७५० या शतकातील उत्तर न्यू इंग्लंडमधील स्त्रियांविषयी आहे. या स्त्रियांनी स्वतः लिहिलेले फारच थोडे उरले आहे. त्यामुळे अल्रिक यांना प्रवचने, न्यायालयीन साक्षी, मृत्यूनंतर केलेल्या घरसामानाच्या याद्या अशा, दुसऱ्यांनी दुसऱ्याच कारणासाठी लिहिलेल्या कागदांतून वाट काढावी लागली. ग्रंथाची रचना त्यांनी बायबलमधील बॅथशीबा, ईव्ह आणि जाएल या तीन स्त्रीप्रतिमांभोवती केली आहे : पहिली घरगुती अर्थकारणासाठी, दुसरी लैंगिकता व मातृत्वासाठी, तिसरी धर्म आणि आक्रमकता यांसाठी.

त्या काळच्या इंग्रजी कायद्यानुसार विवाहित स्त्रीचे कायदेशीर अस्तित्व पतीच्या अस्तित्वात विलीन होत असे. तिला स्वतःच्या नावे करार करता येत नसे आणि तिची कमाई पतीची ठरत असे. असे असूनही प्रत्यक्षात बायका नवरा समुद्रावर किंवा लढाईवर असताना उधारी वसूल करत, मजुरांकडून काम करून घेत, धान्य आणि लाकूड विकत, कधी जमिनीच्या व्यवहारातही बोलत. अल्रिक दाखवतात की समाजाला यात काही वावगे वाटत नव्हते, कारण ती स्वतःच्या हक्काने नव्हे, तर पतीच्या वतीने हे करत होती. पुरुषाचे कोणतेही काम स्त्रीने केले तरी चालत असे. अट एवढीच, की ते घराच्या भल्यासाठी आणि नवऱ्याच्या संमतीने व्हावे.

आमच्या मते अल्रिक यांची सर्वांत उपयोगी पडलेली कल्पना हीच. जुन्या स्त्रिया पूर्णपणे चुलीशी बांधलेल्या होत्या, हे एक टोक आणि त्या व्यवहार करत होत्या म्हणजे स्वतंत्रच होत्या, हे दुसरे. ही कल्पना वाचकाला दोन्हींपासून वाचवते. काम विस्तृत असू शकते आणि अधिकार तरीही शून्य असू शकतो.

मार्था बॅलार्ड कोण होती आणि तिच्या रोजनिशीकडे इतकी वर्षे दुर्लक्ष का झाले?

मार्था बॅलार्डचा जन्म १७३५ साली मॅसॅच्युसेट्समधील ऑक्सफर्ड येथे झाला. १७५४ मध्ये तिने इफ्रेम बॅलार्ड या गिरणीवाल्या भूमापकाशी लग्न केले. तिला नऊ मुले झाली, त्यांपैकी तीन १७६९ च्या घटसर्पाच्या साथीत काही दिवसांच्या अंतराने गेली. १७७७ मध्ये ती केनेबेक नदीकाठच्या हॅलोवेल वस्तीत आली. आज मेन राज्यात असलेला हा भाग तेव्हा मॅसॅच्युसेट्सच्या अखत्यारीत होता. तेथे ती सुईण म्हणून काम करू लागली आणि १ जानेवारी १७८५ पासून मे १८१२ मध्ये, मृत्यूच्या थोडे आधीपर्यंत, घडी घालून शिवलेल्या कागदांच्या वह्यांत रोज लिहीत राहिली. तिने ८१६ बाळंतपणांची नोंद केली आहे.

या वह्या हरवलेल्या नव्हत्या. त्या कुटुंबातील स्त्रियांकडे जपून होत्या, आणि शेवटी मार्थाच्या खापरपणतीने, जी स्वतः डॉक्टर होती, १९३० मध्ये त्या मेन राज्य ग्रंथालयाला दिल्या. १८७० मध्ये, हॅलोवेलमधूनच पुढे वेगळ्या झालेल्या ऑगस्टा नगराचा इतिहास लिहिणाऱ्या जेम्स नॉर्थ यांनी रोजनिशी पाहिली होती, पण तिच्यातील बहुतेक नोंदी त्रोटक आणि सर्वसामान्य वाचकाच्या दृष्टीने बिनमहत्त्वाच्या आहेत, असा त्यांचा अभिप्राय होता. नंतरच्या स्त्री-अभ्यासकांनाही ती घरगुती क्षुल्लक गोष्टींनी भरलेली वाटली. हवा कशी होती, कोण आले, किती सूत काढले, कोणाचे बाळंतपण झाले, एवढेच त्यात होते. अल्रिक यांनी नेमके हे क्षुल्लकच अभ्यासाचा विषय केले.

एवढ्या रुक्ष रोजनिशीतून इतिहास काढायचा कसा? त्यांची पद्धत काय?

प्रथम रोजनिशीचे रूप पाहावे. दिवसाची नोंद दोन-चार ओळींची. समासात प्रसूतींचा चढता क्रमांक. काही ठिकाणी समासात दोन फुल्या, म्हणजे त्या बाळंतपणाचे पैसे मिळाले. भावना जवळजवळ नाहीतच. एप्रिल १७८९ मध्ये ती भर वादळात एका बाळंतिणीकडे निघाली असता एक मोठे झाड तिच्या समोरच मुळासकट उन्मळून पडले आणि घोडा बुजून मागे सरला. आज कोणी यावर पानभर लिहील. तिने ते एका वाक्यात लिहिले आणि पुढच्या वाक्यात वाटेला लागली.

अशा मजकुरावर अल्रिक यांनी केलेले काम वरवर पाहता कारकुनी आहे. रोजनिशीत शेकडो माणसे केवळ आडनावाने किंवा ‘अमक्याची बायको’ अशी येतात. त्या प्रत्येकीची ओळख त्यांनी नगराच्या जन्म-विवाह नोंदी, करयाद्या, जमिनीचे दस्त आणि खटल्यांचे कागद यांच्याशी ताडून पटवली. बाळंतपणे, आजारपणे, सूतकताई, विणकाम, पाहुणे यांचे तक्ते तयार केले. त्याच गावचा नगरलेखक हेन्री सेवॉल याचीही रोजनिशी उपलब्ध आहे. दोन वह्या एकाच तारखेला उघडून वाचल्या की एकाच गावाची दोन चित्रे दिसतात. पुरुषांच्या वह्यांत व्यवहार पुरुषांचेच असतात. एखाद्या बाईने कापड विणून दिले तरी जमेला नाव तिच्या नवऱ्याचे लागते. मार्थाच्या वहीत तेच कापड कोणाच्या हातून आले, सूत कोणी काढले आणि बदल्यात काय दिले, हे कळते.

ग्रंथाची मांडणीही याच पद्धतीला धरून आहे. दहाही प्रकरणे रोजनिशीतील सलग उताऱ्याने सुरू होतात. वाचकाला आधी तो कंटाळवाणा मजकूर जसाच्या तसा वाचावा लागतो, आणि मग त्यातली एकेक ओळ अल्रिक उलगडत जातात. हा उतारा वगळून पुढे जाण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरावा, कारण आपण काय वाचले आणि आपल्या नजरेतून काय निसटले, हे त्याशिवाय कळत नाही. ग्रंथाचे निम्मे शिक्षण त्या निसटण्यात आहे.

स्त्रियांच्या श्रमाविषयी या ग्रंथातून नवे काय कळले?

मुख्य निष्कर्ष असा, की घर ही बाजारापासून दूर असलेली विश्रांतीची जागा नव्हती. ते उत्पादनाचे आणि उधारीचे ठिकाण होते, आणि तेथे स्त्रियांचे स्वतःचे एक व्यवहारजाळे होते. मार्थाला एका बाळंतपणाचे साधारणतः सहा शिलिंग मिळत, पण मोबदला रोख असेच असे नाही. कधी चहा, कधी साखर, कधी कापड, कधी कामाच्या बदल्यात काम. शेजारणींत बियाणे, औषधी पाला, सुताच्या लडी आणि मुलींचे श्रम यांची देवघेव सतत चालू असे, आणि त्यातले बरेचसे कोणत्याही पुरुषाच्या जमाखर्चात उतरत नसे.

या जाळ्याचे पुरुषांच्या व्यवहाराशी नाते सांगताना अल्रिक निळ्या-पांढऱ्या चौकड्यांच्या कापडाचा दाखला देतात : काही चौकोन पूर्ण पांढरे, काही पूर्ण निळे आणि बरेच दोन्ही धाग्यांचे मिश्र. स्त्री आणि पुरुष यांची दोन वेगळी जगे होती की एकच, या त्या काळी जोरात असलेल्या वादाला हे उत्तर आहे. बार्बरा वेल्टर यांच्या १९६६ च्या निबंधापासून अमेरिकी अभ्यासक स्त्रियांच्या वेगळ्या क्षेत्राबद्दल बोलत होते, पण ते बहुतांशी उपदेशपर पुस्तकांच्या आधारे. अल्रिक यांनी प्रश्न छापील आदर्शांकडून प्रत्यक्ष दिवसाकडे वळवला.

दुसरा निष्कर्ष सहसा कमी उद्धृत होतो, परंतु कुटुंबाच्या इतिहासासाठी तो अधिक महत्त्वाचा आहे. मार्था रात्री-अपरात्री घराबाहेर राहू शकत होती, कारण घरात हाताशी आलेल्या मुली होत्या. १७८७ मध्ये घरात माग बसला; मुली आणि भाची विणत, धूत, रांधत, आणि आईचा व्यवसाय त्यावर चालत असे. १७९२ मध्ये मुलगी हॅना आणि भाची पार्थेनिया यांची लग्ने काही आठवड्यांच्या अंतराने झाली आणि हळूहळू घर रिकामे होत गेले. मग मोलकरणी आल्या आणि गेल्या, कारण शेजारच्या घरातली तरुण मुलगी म्हणजे मोलाने राहणारी नोकर नव्हती, ती स्वतःच्या लग्नाच्या तयारीत होती. एका स्त्रीची सार्वजनिक प्रतिष्ठा दुसऱ्या स्त्रियांच्या न दिसणाऱ्या श्रमावर उभी होती, आणि कुटुंबाच्या वयानुसार ती वाढली आणि ओसरली. व्यवसायाचा इतिहास लिहिताना घरातल्या मुलींची वये तपासावी लागतात, हे यापूर्वी कोणी एवढ्या नेमकेपणाने दाखवले नव्हते.

लग्न आणि नीतिमत्तेच्या कल्पना आपण समजतो तितक्या कडक होत्या का?

कडक होत्या, पण वेगळ्या ठिकाणी. १७८५ ते १७९७ या काळात मार्थाने ज्या १०६ स्त्रियांची पहिली बाळंतपणे केली, त्यांपैकी ४० जणींना, म्हणजे ३८ टक्क्यांना, लग्नाआधीच दिवस गेले होते. त्यातल्या बहुतेकींची लग्ने प्रसूतीआधी झाली आणि कोणाचे आयुष्य उद्ध्वस्त झाले नाही. समाजाला काळजी होती ती मुलाला बाप आणि पोटगी मिळण्याची. म्हणून अविवाहित स्त्री कळा देत असताना सुईणीने तिला बापाचे नाव विचारायचे, अशी प्रथा होती आणि त्या वेळी दिलेले नाव न्यायालयात ग्राह्य धरले जाई.

ऑक्टोबर १७९१ मध्ये मार्था सॅली पिअर्सच्या बाळंतपणाला गेली तेव्हा तिने हाच प्रश्न विचारला आणि सॅलीने नाव घेतले ते मार्थाच्या स्वतःच्या मुलाचे, जोनाथनचे. तिने ते तसेच नोंदवून ठेवले. काही महिन्यांनी दोघांचे लग्न झाले. लग्नाच्या नोंदीही अशाच कोरड्या आहेत. मुलीचे लग्न झाले, एवढेच. वधू त्यानंतरही काही आठवडे आईबापांकडेच राहत असे, त्या काळात गोधड्या शिवल्या जात आणि मग जोडपे स्वतःच्या घरात जाई. लग्नाचा विधी गौण होता. चूल वेगळी होणे हा खरा बदल होता.

घरातील हिंसा आणि सत्ता यांविषयी त्या काय सांगतात?

अल्रिक यांच्यावर कधीकधी आरोप होतो की त्यांचे न्यू इंग्लंड फार सौम्य आहे. आरोप करणाऱ्यांनी दोन प्रसंग पुन्हा वाचावेत.

१७८९ मध्ये धर्मोपदेशकाची पत्नी रिबेका फॉस्टर हिने काही पुरुषांवर बलात्काराचा आरोप केला. त्यांत गावचा न्यायाधीश जोसेफ नॉर्थ होता. त्याआधी रिबेकाने मार्थाला काही सांगितले होते आणि मार्थाने तिला ते आणखी कोणालाही न सांगण्याची विनवणी केली होती. पुढच्या वर्षी खटल्यात मार्थाने साक्ष दिली. नॉर्थ निर्दोष सुटला, आणि ऐकणाऱ्या सर्वांना त्याचे आश्चर्य वाटल्याचे तिने लिहिले. अल्रिक येथे मार्थाला नायिका करत नाहीत. गप्प राहण्याचा सल्ला देणारी आणि नंतर न्यायालयात उभी राहणारी बाई एकच आहे, हे त्या वाचकासमोर ठेवतात.

दुसरा प्रसंग अधिक घरगुती आहे. करवसुलीची जबाबदारी घेतलेला इफ्रेम रक्कम भरू न शकल्यामुळे १८०४ मध्ये कर्जबाजारी म्हणून तुरुंगात गेला आणि तेथे वर्षाहून अधिक काळ राहिला. सत्तरीला टेकलेली मार्था घरी एकटी. जोनाथन आणि सॅली मुलाबाळांसह त्या घरात राहायला आले, आणि मार्थाच्या वाट्याला एक खोली उरली. तिचे स्वयंपाकघर सुनेकडे गेले. सरपण कोण फोडणार, यावरून कुढत बसण्याचे दिवस आले. पतीच्या छायेत मिळालेले स्थान पती नसताना किती पातळ होते, हे कायद्याच्या कोणत्याही चर्चेपेक्षा या नोंदींतून अधिक स्पष्ट होते.

डॉक्टरांनी सुईणींना हटवले, हीच या ग्रंथाची गोष्ट आहे का?

अंशतः. १७९० च्या दशकात बेंजामिन पेज हा तरुण डॉक्टर हॅलोवेलमध्ये आला, आणि एका बाळंतिणीला त्याने दिलेल्या अफूच्या अर्कामुळे कळा थांबल्याची नोंद मार्थाने केली आहे. परंतु तिचे काम नुसते बाळंतपणाचे नव्हते. ती औषधे देई, रोग्यांजवळ जागे, मृतांना न्हाऊ घाली आणि शवविच्छेदनाच्या वेळीही हजर राही. तिच्या हाताखाली प्रत्यक्ष प्रसूतीत एकही माता दगावली नाही. नंतरच्या बाळंतपणाच्या दिवसांत पाच गेल्या. पुढच्या शतकातील प्रसूतिगृहांच्या तुलनेत हा आकडा वाईट नाही, एवढेच अल्रिक म्हणतात. सुवर्णयुगाचा दावा करत नाहीत.

वस्तूंवरून कुटुंबाचा इतिहास कसा लिहिता येतो?

२००१ च्या ‘द एज ऑफ होमस्पन’ या ग्रंथात अल्रिक यांनी टोपल्या, चरखे, टेबलावरचे कापड, अर्धवट विणलेला पायमोजा अशा चौदा वस्तू घेतल्या. शीर्षक होरेस बुशनेल या धर्मोपदेशकाच्या १८५१ च्या भाषणावरून आले आहे. त्याने जुन्या हातसुताच्या काळाचे गोडवे गायले होते. अल्रिक ती गोडी उसवतात.

त्यातली हॅना बर्नार्डची कपाटपेटी विशेष पाहण्यासारखी आहे. मॅसॅच्युसेट्समधील हॅडली येथे १७१५ च्या सुमारास बनलेल्या या रंगीत, वेलबुट्टीच्या फडताळावर समोरच, दुरून दिसेल अशा ठळक अक्षरांत मालकिणीचे पूर्ण नाव रंगवले आहे. त्या समाजात जमीन मुलग्यांना आणि हलवता येणाऱ्या वस्तू मुलींना, असा वाटणीचा प्रघात होता. लग्नानंतर स्त्रीचे आडनाव जाई. हॅना लग्नानंतर दोनेक वर्षांतच वारली, पण पेटी तिच्या मुलीकडे आणि पुढे मुलींच्या वंशात जात राहिली, आणि तिच्याबरोबर ते नावही. पुढे एका नातीचे नाव हॅना बर्नार्ड असेच ठेवले गेले. मृत्युपत्रात जे नाते दिसत नाही ते येथे लाकडावर रंगवलेले आहे.

ग्रंथाची सुरुवात मात्र प्रॉव्हिडन्सच्या एका छोट्या मूळनिवासी टोपलीने होते. परंपरेने सांगितलेली गोष्ट अशी, की मूळनिवासी आणि वसाहतवासी यांच्यातील १६७६ च्या युद्धकाळात एका मूळनिवासी स्त्रीने दुधाच्या बदल्यात ती एका वसाहतवासी बाईला दिली. टोपलीत झाडाच्या सालीच्या तंतूंबरोबर लाल लोकरीचे धागेही आहेत. दोन स्त्रियांमधील स्नेहाची ही गोष्ट नंतरच्या पिढ्यांना सोयीची का वाटली, हा अल्रिक यांचा खरा प्रश्न. घरगुती वस्तूंच्या आठवणीत जमीन कोणाची गेली, हे विसरायला सोपे जाते.

बहुपत्नीत्वावरील ग्रंथ त्यांच्या आधीच्या कामाशी कसा जुळतो?

‘अ हाउस फुल ऑफ फीमेल्स’ (२०१७) मध्ये १८३५ ते १८७० या काळातील मॉर्मन घरे आहेत. जानेवारी १८७० मध्ये सॉल्ट लेक सिटीत हजारो स्त्रिया बहुपत्नीत्वाविरुद्धच्या प्रस्तावित कायद्याचा निषेध करायला जमल्या, आणि पुढच्याच महिन्यात यूटातील स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळाला. १८८७ मध्ये केंद्रीय कायद्याने तो काढूनही घेतला. बहुपत्नीत्वाचे समर्थन आणि मताधिकार हे एकाच स्त्रियांच्या तोंडी कसे आले, हे कोडे अल्रिक नंतरच्या आठवणींतून सोडवत नाहीत. त्या काळातच लिहिलेल्या रोजनिश्या, पत्रे, सभांचे वृत्तान्त आणि १८५७ मध्ये अनेकींनी मिळून शिवलेली एक गोधडी, ही त्यांची साधने आहेत. लेखिका स्वतः मॉर्मन असल्यामुळे त्या पक्षपाती असतील, अशी शंका घेतली जाते. ग्रंथातील मत्सर, एकटेपण आणि वर्षानुवर्षे घराबाहेर असलेले नवरे यांची पाने वाचल्यावर ती फारशी टिकत नाही.

त्यांच्या कामाच्या मर्यादा कोणत्या?

पहिली मर्यादा प्रातिनिधिकतेची. रोज लिहू शकणारी आणि गावभर फिरणारी सुईण ही त्या काळची सरासरी स्त्री नव्हे. अल्रिक हे मान्य करतात, तरी ‘मार्थाचे जग’ हा शब्दप्रयोग हळूहळू ‘स्त्रियांचे जग’ असा वाचला जातो. दुसरी मर्यादा साधनांची : हॅलोवेल ही मूळनिवासींना हटवून वसलेली वस्ती होती, पण मार्थाच्या वहीत ते क्वचितच येतात, आणि वही जे टाळते ते ग्रंथातही मागे राहते. होमस्पनचा ग्रंथ ही उणीव काही अंशी भरून काढतो. तिसरी गोष्ट भावनांची. लॉरेन्स स्टोन यांनी १९७७ मध्ये जुन्या कुटुंबांत जिव्हाळा कमी होता असे मांडले, त्यावर बराच वाद झाला. मार्थाने प्रेम शब्दांत लिहिलेले नाही. अल्रिक ते कामातून वाचतात, आणि काही ठिकाणी हे वाचन पुराव्याच्या थोडे पुढे जाते असे आमचे मत आहे.

मूळ रोजनिशी पाहता येते का? वाचन कोठून सुरू करावे?

मूळ वह्या ऑगस्टा येथील मेन राज्य ग्रंथालयात आहेत. ‘डू हिस्टरी’ या संकेतस्थळावर पानांच्या प्रतिमा आणि लिप्यंतर दोन्ही पाहता येतात, आणि संपूर्ण रोजनिशी १९९२ मध्ये पुस्तकरूपानेही छापली गेली. नव्या वाचकाने ‘अ मिडवाइफ्स टेल’पासून सुरुवात करावी आणि पहिल्या प्रकरणाच्या आरंभीचा उतारा, प्रकरण संपल्यावर, पुन्हा एकदा वाचावा. साधनांच्या हाताळणीत रस असेल तर त्यानंतर होमस्पनचे हॅना बर्नार्डवरील प्रकरण, आणि कायदा व मालमत्ता यांत रस असेल तर ‘गुड वाइव्ह्ज’चा पहिला भाग घ्यावा.